हवा दिली

प्राणिशास्त्र विभागाला पायऱ्या मोजून अकरा. माया तिसऱ्या पायरीवर थांबायची, मग सातव्या. वय काही फार नाही, एकोणचाळीस. हिमालयाच्या उंचीवर जनावराच्या अंगात काय होतं यावर सात वर्षं संशोधन करणारी बाई अकरा पायऱ्यांना दमते, याचं तिचं तिलाच हसू यायचं. पण हसायलाही अंगात जोर लागतो, आणि तिचा जोर सकाळी नऊपर्यंतच संपलेला असायचा.

संपणार नाही तर काय! पहाटे साडेपाचला मनीषनगरच्या घरात आईचं अंग पुसायचं, तिला कुशीवर वळवायचं, दोघींचा डबा करायचा. साडेसातला कॉलेजात तासिकेवर शिकवायचं. तासिकेवर म्हणजे आज तास आहे तर तुम्ही आहात, उद्या नसला तर नाही. असं अकरा वर्षं चाललेलं. पक्की नोकरी हवी तर पीएचडी हवी, आणि पीएचडीची मुदत एकतीस मेला संपत होती. दोन वेळा वाढवून झालेली. एकतीस तारखेला प्रबंध गेला नाही तर नाव कटणार आणि सात वर्षांचं काम कपाटात जाणार. एप्रिल अर्धा उलटला होता.

बरं, विषय तरी जवळचा असावा? मायानं पाहिलेला सगळ्यात उंच डोंगर म्हणजे चिखलदऱ्याचा, तोही शाळेच्या सहलीत, ओकत ओकत. पण तिचे मार्गदर्शक विश्वनाथ सर म्हणाले होते, डोंगर नागपुरात आणता येत नसला तरी तिथली हवा आणता येते. उंचावर हवा विरळ, म्हणून श्वासागणिक ऑक्सिजन कमी मिळतो. काचेच्या बंद पेटीत नळकांड्यातून नायट्रोजन सोडत राहायचं. ऑक्सिजन एकवीस टक्क्यांवरून साडेदहावर आला की आतला उंदीर अठरा हजार फुटांवर जाऊन बसला म्हणून समजा. एकवीस दिवस तिथं ठेवायचा, मग त्याचं हृदय आणि मांडीचा स्नायू काढून पेशी तपासायच्या.

पेशींत काय तपासायचं, हे तिनं एकदा चंद्रभानभाऊंना समजावून सांगितलं होतं. चंद्रभान म्हणजे विभागाच्या उंदीरघराचा माणूस. कागदावर 'प्राणिगृह परिचर', वय सत्तावन्न, घरची शेती आणि चार जनावरं नागपूरपासून तासाभरावरच्या गावी. तीस वर्षं पांढरे उंदीर सांभाळले, पण त्यांना उंदीर कधी म्हटलं नाही. लेकरं म्हणायचा.

"भाऊ, आपल्या अंगाच्या कणाकणात बारीक बारीक चुली आहेत," माया म्हणाली होती. "खाल्लेलं अन्न त्यांत जळतं आणि त्यावर सगळं चालतं. हृदय, हात, पाय, डोकं. जळायला ऑक्सिजन लागतो. साखरेच्या एका कणापासून नीट जाळलं तर तीस मापं ताकद निघते. ऑक्सिजनच नसेल तर दोन मापं निघतात, आणि वर आंबट गाळ साचतो तो वेगळाच."

"म्हणजे ओलं लाकूड," चंद्रभान म्हणाला. "धूर लय अन् आच नाही."

"तसंच. मग जनावर काय करतं? चुली कमी करतं. हिंडत नाही, खेळत नाही, अंग चाटत नाही. कोपऱ्यात बसून राहतं. जगण्यापुरतं तेवढं पेटवतं."

चंद्रभान पेटीकडे बघत म्हणाला, "मॅडम, हे लेकरं दम टाकून राहिले न पण." मायाला त्या दिवशी तास होता. ती निघून गेली.

ही डिसेंबरातली पहिली तुकडी. सहा उंदीर पेटीत, सहा बाहेर साध्या हवेत. मायानं स्वतः राबून सांभाळलेली. अकराव्या दिवशी पेटीतला एक मेला, पंधराव्या दिवशी आणखी एक. उरलेल्या चौघांच्या पेशी तपासल्या तर चुलींचं काम तिसऱ्या हिश्श्यानं घटलेलं, आंबट गाळ वाढलेला. अगदी पुस्तकात असतं तसं. सर खूश झाले. म्हणाले, अशीच दुसरी तुकडी काढ, दोन्हींचे आकडे जुळले की लिहायला बस.

दुसरी तुकडी पेटीत गेली फेब्रुवारीत, आणि त्याच दिवशी मायाची आई न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, दवाखाना, रात्रपाळी, सगळं एकटीवर. प्रयोग थांबवला तर उंदीर गेले, मुदत गेली. तिनं उंदीरघरात जाऊन चंद्रभानला गाठलं. दवाखान्याची रिक्षा बाहेर उभी, हातात एक्सरेचं पाकीट. उभ्या उभ्या तिनं वहीत पट्टीनं रकाने आखले: तारीख, पाणी, दाणा, हवा, सही.

"भाऊ, आता तुमच्यावर आहे. यांचं पाणी बघत जा, दाणा बघत जा अन् हवा बघत जा. बारा वाजता आणि चार वाजता. विसरू नका."

"हवा बी?"

"हवा तर मुख्य. ती चुकली तर सगळं गेलं."

"नाही चुकत," चंद्रभान म्हणाला. "तुमी आईले पाहा. लेकरायची काळजी नका करू."

आणि त्यानं खरंच चुकवलं नाही. माया रोज सकाळी नऊला दहा मिनिटं धावत यायची, पेटीवरचा काटा साडेदहावर आहे हे बघायची, वहीत आदल्या दिवसाच्या ओळीपुढं सही ठोकायची आणि दवाखान्यात पळायची. एकवीस दिवस पार पडले. एकही उंदीर मेला नाही. तिला त्यातही बरं वाटलं होतं.

आता एप्रिलात आकडे आले आणि घोडं अडलं. दुसऱ्या तुकडीच्या पेटीतल्या उंदरांच्या चुली जवळजवळ ठणठणीत. बाहेरच्या उंदरांपेक्षा जरा कमी, एवढंच. अठरा हजार फुटांवर तीन आठवडे काढून आलेली जनावरं, आणि अंगात ताकद घरी बसल्यासारखी! एक तुकडी म्हणते उजेड, दुसरी म्हणते अंधार. असा प्रबंध कोण घेणार?

मायानं तीन वेळा मोजणी केली. रसायनं बदलली. गोठवणपेटीवर शंका घेतली, मापकावर घेतली, शेवटी स्वतःवर घेतली. दवाखान्याच्या त्या दिवसांत आपणच नमुन्यांवर उलट्या चिठ्ठ्या लावल्या असतील का? तेही नव्हतं. कूलरसमोर बसून ती आकड्यांकडे बघत राहायची आणि कागदावरच्या ओळी एकमेकींत मिसळायच्या. घरी आल्यावर आई अंथरुणातून विचारायची, "संपलं का वं तुझं?"

"होऊन राहिलं, आई."

"सात वर्सं झाले होऊनच राहिलं. जेवली का तू?"

कधी जेवलेली असायची, कधी नाही. सांगायची मात्र जेवली म्हणून. वाद घालायलाही दम लागतो.

उलगडा झाला तो मोजणीतून नाही, टायपिंगमधून. उंदीरघराची रोजची नोंद प्रबंधाला जोडावी लागते, म्हणून एका दुपारी ती वही घेऊन बसली. पहिल्या तुकडीची पानं तिच्या अक्षरातली. हवेच्या रकान्यात १०.५, १०.४, १०.५. मग चंद्रभानचं गोल गोल, ठळक अक्षर. पाणी, दिलं. दाणा, दिला. हवा, दिली. पुढची ओळ. दिलं, दिला, दिली. माणूस चौथीच शिकलेला, पण व्याकरण एका जागी चुकलं नव्हतं. ती यंत्रासारखी टाइप करत गेली. दिलं, दिला, दिली. सहाव्या ओळीवर तिची बोटं थांबली.

हवा दिली?

हवा पाहायची होती. काटा बघायचा होता, आकडा लिहायचा होता. हवा द्यायची कुणी सांगितली होती? आणि प्रत्येक ओळीपुढं तिची स्वतःची सही होती. एकवीस सह्या. आकड्याच्या जागी शब्द आहे हेसुद्धा तिला एकवीस दिवसांत दिसलं नव्हतं. नायट्रोजनचं नळकांडं लवकर संपलं तेव्हा तिनं ते पुरवणाऱ्याला फोनवर झापलं होतं, तेही आता आठवलं.

चंद्रभान उंदीरघराच्या दाराशी स्टुलावर बसून दाणा निवडत होता. माया वही घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"भाऊ, फेब्रुवारीत तुम्ही हवा दिली म्हणजे नेमकं काय केलं?"

"दिली न. पेटीची कडी काढली, झाकण उघडलं. माझा चहा होऊन जाये तवरिक. दहा मिनिटं समजा. मंग पुना बंद."

"रोज?"

"रोज, दोन टाइम. बारा अन् चार. तुमी सांगतलं होतं न." त्यानं तिचा चेहरा पाहिला आणि हातातलं सूप खाली ठेवलं. "काहून मॅडम? काही चुकलं काय?"

"मी हवा बघा म्हटलं होतं."

"तेच त. गावाकडं मी म्हणतो न घरी, गोठ्याची हवा पाह्यजो. म्हंजे दार उघड, जनावराले मोकळं वाटू दे. कोणी काय नुसतं पाहून येते काय हवेले?"

आता सांगा, यात त्याचं काय चुकलं? हवा डोळ्यांनी बघायची वस्तू आहे असं फक्त काटा लावून बसलेल्या माणसालाच वाटतं. माया तिथंच दुसऱ्या स्टुलावर बसली. राग यावा असं तिला वाटत होतं, रागानं माणूस निदान उभा तरी राहतो. पण राग आला नाही. तिनं पेटी, काटा, साडेदहा टक्के, सगळं त्याला पहिल्यापासून सांगितलं, जे फेब्रुवारीत सांगायचं राहिलं होतं. ऐकता ऐकता चंद्रभानचं तोंड उतरत गेलं.

"म्हंजे मी तुमचं सात वर्साचं वाटोळं केलं," तो म्हणाला.

"तुम्ही नाही केलं."

"मंग कोण केलं?"

तिनं वही उघडून आपल्या सह्या त्याला दाखवल्या.

विश्वनाथ सर वाईट माणूस नव्हते. दोन वर्षांत निवृत्त व्हायचे होते आणि त्यांनाही कुणी विद्यार्थी अर्ध्यात राहिलेला नको होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले.

"पहिल्या तुकडीचे चार उंदीर चांगले आहेत," ते म्हणाले. "त्यावर प्रबंध उभा राहतो, कसाबसा का होईना. दुसरी तुकडी काढून टाक."

"पण दुसऱ्या तुकडीची परवानगी घेतलेली आहे, सर. ती तुकडी कुठं गेली हे समितीवाले विचारतील."

"मेले म्हणून लिही. अठरा हजार फुटांवर उंदीर मरतातच. तुझेच दोन मेले ना पहिल्या वेळी?" मग हळू आवाजात म्हणाले, "माया, उद्या हे बाहेर आलं तर चंद्रभानलाही नोटीस निघेल. त्याची नोकरीची शेवटची वर्षं. कुणाचंच भलं नाही यात. लिही आणि मोकळी हो."

मोकळी हो. या दोन शब्दांचं तिला काय वाटलं म्हणून सांगू! त्या रात्री घरी जाऊन तिनं आईचं आवरलं आणि ते वाक्य टाइप करून टाकलं: 'दुसऱ्या तुकडीतील सहाही प्राणी प्रयोगादरम्यान दगावले.' आठ शब्दही नाहीत. ती अंथरुणावर पडली आणि कित्येक महिन्यांनी तिला लागलीच झोप लागली.

सकाळी कॉलेजला निघताना तिनं ते वाक्य पुन्हा वाचलं. खोटं लिहिण्याचं भय होतंच, नाही असं नाही. पण टोचत होतं ते वेगळंच. पहिल्या वेळी तिच्या नीट देखरेखीखाली दोन मेले होते. दुसऱ्या वेळी एकही मेला नव्हता. एका माणसानं रोज दोन वेळा कडी काढली म्हणून सहाच्या सहा जगले होते, आणि दिवसभरात वीस मिनिटांच्या हवेवर त्यांच्या पेशींनी चुली विझू दिल्या नव्हत्या. सात वर्षांत तिच्या हाती आलेली एकुलती एक नवी गोष्ट ती हीच. आणि तिच्यापुढं लिहायचं होतं, मेले.

तिनं वाक्य खोडलं. खोडताना ती रडली, खरं सांगायचं तर. सचोटी वगैरेसाठी नाही. आता अजून किती महिने साडेपाचला उठायचं, या विचारानं.

मुदतवाढीच्या अर्जात कारणाचा रकाना होता. तिनं लिहिलं: 'परिचरांना मी दिलेली सूचना संदिग्ध होती व नोंदवहीवर मी न वाचता स्वाक्षरी केली.' चंद्रभानचं नाव कुठंच नव्हतं. सरांनी वाचलं, तिच्याकडं पाहिलं.

"सगळं स्वतःच्या अंगावर घेतलंस."

"माझंच होतं, सर."

त्यांनी सही केली, आणि विद्यापीठात स्वतः दोन चकरा मारल्या हेही सांगायला हवं. नोव्हेंबरअखेरपर्यंत मुदत मिळाली. आता ही शेवटचीच. अठरा नव्या उंदरांची परवानगीही मिळाली. सहा बाहेर साध्या हवेत. सहा पेटीत, कायम बंद. आणि सहा दुसऱ्या पेटीत, ज्यांना बारा आणि चार वाजता दहा मिनिटं हवा. तसं केल्याशिवाय ती वीस मिनिटांची गोष्ट कुणाला खरी वाटणार नव्हती.

ऑगस्टात तुकडी पेटीत घालायच्या आदल्या दिवशी माया उंदीरघरात गेली. या वेळी घाई नव्हती. तिनं दोन्ही पेट्यांवर रंगीत पट्ट्या लावल्या, हिरवी आणि लाल. चंद्रभानला समोर बसवलं, एकेक शब्द सावकाश सांगितला. शेवटी म्हणाली, "भाऊ, आता तुम्ही मला सांगा."

"हिरवीचं झाकण उघडाचं. बारा अन् चार. दहा मिनिटं घड्याळ लावून," चंद्रभान म्हणाला.

"आणि लाल?"

त्यानं लाल पट्टीची कड अंगठ्यानं दाबली.

"भाऊ, लाल?"

"मॅडम, मी पाणी देतो, दाणा देतो, घाण काढतो. सारं करतो. पण हे काम मले नका सांगू."

"कोणतं?"

"लालच्या समोर उभं राहून हिरवी उघडाचं. फेब्रुवारीत मले मालूम नव्हतं. आता मालूम हाय न, हवा देल्ली का जगते म्हणून." त्याचा आवाज तक्रारीचा नव्हता, थकलेला होता. "एकवीस दिवसानं सारेच मरतेत, मले समजते. तीस वर्सं तेच पाह्यलं. पण तवरिक एकाले दम घेऊ द्याचा अन् एकाले नाही, हे मायाकून नाही होत."

वऱ्हाडीत 'माझ्याकडून'चं 'मायाकून' होतं. तिला क्षणभर वाटलं की तो तिचं नाव घेऊन म्हणाला, हे मायाकडून होणार नाही. त्याला हुकूम करता आला असता, सरांकडून चिठ्ठी आणता आली असती. तिनं तसलं काही केलं नाही.

"ठीक आहे, भाऊ. मी करते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती बाराला आणि चारला उंदीरघरात येऊ लागली. कॉलेजातून धावत, सीताबर्डीहून मेट्रो बदलून, अकरा पायऱ्यांवर दोनदा थांबत. ती आत आली की चंद्रभान बाहेर जाऊन बसायचा, दाराकडं पाठ करून. मग आतल्या स्टुलाजवळ झाकून ठेवलेला एक कप चहा तिला दिसायचा. तो तिच्यासाठी कधी करून ठेवायचा ते कळायचं नाही.

नवव्या दिवशी बारा वाजता तिनं हिरव्या पेटीची कडी काढली, घड्याळ लावलं आणि स्टुलावर बसली. हिरवीतले सहा उंदीर झाकणाच्या कडेशी आले, नाकं वर करून उभे राहिले. थोड्या वेळानं एकानं अंग चाटायला घेतलं. लाल पेटीतले पाच कोपऱ्यात होते, एकमेकांवर, डोळे मिटून. सहावा उठला. कडीचा आवाज त्यानं ऐकला असावा. तो हळूहळू काचेपर्यंत आला, मध्ये एकदा थांबला, पुन्हा चालला. पुढचे दोन पाय काचेवर टेकवून तिच्या बाजूला उभा राहिला. त्याच्या बरगड्या भराभर हलत होत्या.

मायाचा हात लाल पेटीच्या कडीपर्यंत गेला. दहा मिनिटांचं काम. बाहेरच्या माणसानं पाठ केलेली होती. कुणी पाहिलं नसतं, वहीत कुणी वाचलं नसतं, वाचायचं काम तिचंच होतं.

तिनं हात मागं घेतला. चहा निवला होता, तो प्यायली. घड्याळ वाजलं तेव्हा तिनं हिरवीचं झाकण लावलं आणि वही ओढली. पाणी, दाणा हे रकाने चंद्रभाननं सकाळीच भरून ठेवले होते, दिलं, दिला. हवेचा रकाना तिच्यासाठी सोडलेला. हिरवीपुढं तिनं लिहिलं, दिली. लालपुढं लिहिलं, नाही दिली. मग ती ओळ या वेळी नीट वाचली आणि खाली सही केली. लालमधला अजून काचेशीच उभा होता, आणि चार वाजता तिला परत यायचं होतं.